फाइलीतल्या माणसाचं वय

दिघा, सोमवार

प्रिय आणि अजून रुसलेल्या अक्षता,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आजीचं पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईटच असणार असं तुझ्या मनात आलं असेल, तर ते काढून टाक. तुझा आजा बाहेर ओट्यावर शेंगा सोलत बसलाय आणि चारातले तीन दाणे तोंडात टाकतोय. चटणीला काही उरेल असं दिसत नाही. पत्र मी सांगतेय आणि पलीकडच्या मरियमबाई लिहितायत. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत बाई होत्या, ती सवय जात नाही. मी ‘व्हय’ म्हणलं की त्या ‘होय’ लिहितात, आणि मी शिवी दिली की पेन थांबवून चष्म्यावरून बघतात. मी त्यांना बजावलंय की माझी भाषा धुवा, इस्त्री करा, पण सदऱ्याची चड्डी करू नका. त्यांनी मान डोलावली आहे. खरं काय लिहितात ते मला कुठे कळतंय! माझ्या लेखी सगळ्या मुंग्याच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या आळीशी बोलायचं. कारखान्यातल्या यंत्रांनी तुझ्या आज्याचे कान खाल्ले, तेव्हापासून तो फोन स्पीकरवरच लावतो, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याचं ‘जेवलीस का’ सुरू होतं. मला जे सांगायचंय ते असं ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय ते कागदावरच पाहिजे. का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू मधलं काही वाचायची नाहीस, तुझी घाई मला माहीत आहे.

आधी भांडणाचं बोलू. महिना झाला तू आली नाहीस. त्या रविवारी तू सीवूड्सहून लॅपटॉप घेऊन आलीस आणि माझ्या गॅसशेजारी, पिठाच्या परातीला खेटून मांडलास. तुमच्या ऐरोलीच्या कंपनीत ते जे काही बनवतात ना, लाईट, म्हणजे तुमचं ते रेडिएशन, दिल्यानंतर प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या माणसाचं पुढे काय होणार ते सांगणारं, ते तू आम्हाला दाखवायला आणलं होतंस. डॉक्टर लोकही आता असलंच काहीतरी बघतात म्हणालीस. मग एकेक विचारत गेलीस. रक्तातला तो पीएसएचा आकडा सुरुवातीला किती होता. लाईटच्या बैठका किती झाल्या. सगळ्यांत खाली आकडा कितीवर गेला, नंतर किती महिन्यांनी वर चढला. सगळं फाइलीत होतं. शेवटी तू म्हणालीस, आजोबा, जन्मतारीख? आणि शाळेत पाढा म्हणावा तसा हा म्हणाला, एक जून एकोणीसशे एकोणपन्नास. माझी तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली. तू म्हणालीस, आजी, लक्ष कुठंय तुझं! लक्ष तिथेच होतं गं. म्हणून तर करपली.

मग तुझ्या यंत्राने सांगितलं. शहात्तर वर्षांचा माणूस, आकडा पुन्हा चढलेला, गाठ अजून जागच्या जागी. अशी शंभर माणसं घेतली तर पुढच्या दहा वर्षांत या दुखण्याने जातील त्यांच्यापेक्षा नुसत्या म्हातारपणाने जातील तीच जास्त. म्हणजे दुसरा मोठा उपाय करून त्रास कशाला द्यायचा, इंजेक्शनं घ्यावीत आणि घरी बसावं. तू हे किती जपून सांगितलंस ते मी पाहिलं. आज्याच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलंस. आणि मी काय केलं, तुझा चहा मोरीत ओतला आणि म्हणलं, उचल तुझं ते ज्योतिषाचं खोकं आणि चालती हो. तुझी मान खाली गेली. तू म्हणालीस, आजी, हे ज्योतिष नाही, हजारो माणसांचं बघून काढलेलं आहे. आणि गेलीस. तुझं बरोबर होतं. हे मी मरियमबाईंना दोनदा लिहायला सांगितलंय. तुझं बरोबर होतं. यंत्राचंही बरोबर होतं. आता खुश? मग पुढचं वाच.

बुधवारी आम्ही त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. पोरगी तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण धीराने बोलते. तिनेही तेच सांगितलं. लाईट संपल्यावर आकडा पॉइंट चारपर्यंत खाली गेला होता, आता दोन पॉइंट सातवर आलाय. सगळ्यांत खालच्या आकड्याच्या वर दोन चढला की ते दुखणं परत आलं असं धरतात. नव्या फोटोत दिसलं की ते बाकी कुठे पसरलेलं नाही, जिथे होतं तिथेच एका कोपऱ्यात पुन्हा डोकं वर काढतंय. मी विचारलं, मग तिथेच ठेचता नाही का येत? ती हसली. म्हणाली, येतं आजी, गाठीत सुया घालून आतून पुन्हा लाईट देता येतात, पण एकदा भाजलेल्या जागी पुन्हा भाजायचं, लघवीचे हाल होऊ शकतात, बाबांचं वय शहात्तर आहे, आम्ही सहसा नाही म्हणतो. सत्तरीच्या आतले असते तर मीच आग्रह धरला असता. पुढच्या शुक्रवारी सगळ्या डॉक्टरांची बैठक आहे, तिथे फाइल ठेवते, पण फार आशा धरू नका. तुझा आजा लगेच हात जोडून म्हणाला, बाई, तुम्ही म्हणाल तसं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्या पोरीने विचारलं, आजी, तुम्हाला काही बोलायचंय का? मी म्हणलं, नाही. आणि तिथून बसस्टॉपपर्यंत स्वतःलाच शिव्या देत आले.

चार वर्षांपूर्वी लाईट घेतले तेव्हाचं तुला आठवतं का? अठ्ठावीस दिवस. पोटभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसायचं आणि नंबर यायची वाट बघायची. बाकावर दहा-बारा म्हातारे, सगळ्यांचे पाय एकमेकांवर, कोणी छताकडे बघतंय, कोणी मोबाईलवर भजन ऐकतंय. तुझा आजा त्यांना जोक सांगायचा. हसलात तर मेलात, असं आधी बजावून सांगायचा. मशीन नेमकं लागावं म्हणून कंबरेला तीन बारीक ठिपके गोंदले होते. जन्मभर माझ्या हातावरच्या गोंदणाला हसला, म्हणाला, गावंढळ. मी म्हणलं, घे, आता तुझ्याही अंगावर आलं. आणि त्याच्या आधी, गाठीचा तुकडा काढला होता त्या दिवशी, तो गुंगीत असताना तू बाहेर येऊन मला विचारलंस, आजी, आजोबा सारखे ‘वहिनी, वहिनी’ म्हणतायत, कोण गं ही वहिनी? मी म्हणलं, असेल गावाकडची कोणी. तू लहान होतीस तेव्हाही एकदा विचारलं होतंस, सगळ्यांच्या आज्या आजोबांना ‘अहो’ म्हणतात, तू घरात ‘अरे’ का म्हणतेस? मी तुला गुळाचा खडा देऊन गप्प केलं. आता तुला खडा पुरायचा नाही. मरियमबाई, जरा पाणी प्या. इथून पुढे थांबायचं नाही.

अक्षता, मला दोन नवरे. दचकू नकोस, एकाच वेळी नव्हते. पहिल्याशी लग्न लागलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. जालन्याकडचं आमचं गाव, सासर-माहेर एकाच वस्तीत, मधे एक लिंब आणि दोन घरं. दत्तू वाव्हळे त्याचं नाव. सातवी पास. सातवी पास म्हणजे त्या काळी आमच्या वस्तीचा कलेक्टरच. उंच होता, हसताना तोंडावर हात धरायचा. दोन वर्षं संसार झाला. एकाहत्तर साली पाटलाच्या विहिरीच्या कामावर दरड खचली आणि त्यात तो गेला. एकोणीस वर्षांची मी, कपाळ पुसून सासूच्या शेजारी बसले. घरात सासू, मी आणि माझा धाकटा दीर. दीर तेव्हा चौदा वर्षांचा होता, चौथीतून शाळा सोडलेला, काटकुळा, नाक पुसायचीसुद्धा अक्कल नव्हती.

पुढच्या साली दुष्काळ आला. खडी फोडून आमच्या तिघांच्या हाताची सालं गेली. तेव्हा कोणीतरी सांगितलं की मुंबईच्या अलीकडे, ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला कारखानेच कारखाने उठलेत, रंगाच्या कारखान्यात माणसं घेतायत, पण सातवी पास पाहिजे आणि अठराच्या वर पाहिजे. दीर सोळाचा आणि चौथी. माझ्या सासूने पत्र्याची पेटी उघडली आणि दत्तूचा शाळेचा दाखला काढून त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, हा माझ्या लेकाचा कागद आहे, तू पण माझाच लेक आहेस, जा. तिलाही वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, कागद घरचा तर घरात कोणीही वापरावा, घोंगडी वापरतो तसा. आणि तो गेला. मिशी फुटायच्या आधी चोवीस वर्षांचा झाला. कारखान्याच्या रजिस्टरात दत्तू वाव्हळे, जन्म एक जून एकोणपन्नास. ती तारीखही दत्तूची नाहीच, त्या मास्तराने सगळ्या वर्गाला एकच जून वाटला होता.

सहा महिन्यांनी रेशनकार्ड इकडे आणायची वेळ आली. कार्डावर काय होतं? दत्तू वाव्हळे, बायको चांगुणा, आई. तिघांचं धान्य उचलायचं तर कार्डावरची बायको इथे दिसायला पाहिजे. म्हणून मी दिघ्याला आले. आमचं लग्न आधी रेशनकार्डावर झालं बघ, माणसांना पत्ता लागायच्या पाच वर्षं आधी. मी एकवीस, तो सोळा. तो बाहेर या ओट्यावर झोपायचा, मी आत कडी लावून. आत आला की ‘वहिनी’, बाहेर माणसांसमोर ‘अगं ए’. एकदा नळावर चार बायकांत त्याच्या तोंडून ‘वहिनी, बादली’ निघालं आणि मग त्याने शेजारच्या यादवीणबाईकडे बघून हसून वेळ मारून नेली. ती बिचारी पुढे महिनाभर त्याच्यासाठी लोणचं पाठवत होती.

सासू वारली. मग एक दिवस, तो एकवीस पुरा झाला तेव्हा, संपूर्ण पगारी सुट्टीचा दिवस होता, तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, वहिनी, आता मला हे नाटक करायचं नाही. मला वाटलं हा आता दुसरीकडे लग्न करणार, मी मान हलवली, म्हणलं, कर बाबा, मी गावी जाते. तो म्हणाला, तसं नव्हे, नाटक सोडू आणि खरं करू. चुलीवर दूध होतं ते उतू गेलं. गावी गेलो, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर आठ माणसांत लग्न लागलं. दिघ्यात पंगत घालायची सोय नव्हती, कारण दिघ्याच्या लेखी आमच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती. ती आठही माणसं आता नाहीत. तुझ्या बापालाही हे माहीत नाही. आज हे तू वाचतेस, मरियमबाई लिहितायत. त्यांनी आता चष्मा काढलाय. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या, आणि म्हणतायत, चांगुणाबाई, एवढी तुम्ही पोटाची खोल असाल असं वाटलं नव्हतं. मी म्हणलं, लिहा ते पण.

तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, आणि तो जन्मला तेव्हा मी तिथे होते. हे नीट वाच. वस्तीने दीक्षा घेतली त्याच्या पुढचा उन्हाळा. सत्तावन्न साल. वस्तीतले देव नदीला पोचवून झाले होते आणि त्यानंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं पोर म्हणजे हा. सगळी वस्ती त्यांच्या दारात. मी गर्दीतून बायकांच्या पायांमधून आत घुसले, दारामागे उभी राहिले, आणि सुईणीने त्याला उलटा धरून थापटलं ते या डोळ्यांनी बघितलं. मला अक्षरं येत नाहीत, पण डोळे होते. एकोणीसशे एकोणपन्नास सालचं ते पोर नव्हतं. तू हिशेबाची पोरगी आहेस, तूच कर. तुझा आजा शहात्तरचा नाही. अडुसष्टचा आहे.

आता मागचं सगळं जरा आठव. कागदावरच्या अठ्ठावन्नला रिटायर झाला तेव्हा खरं तर पन्नासचा होता, म्हणून पुढे बारा वर्षं ऐरोलीच्या त्या बिल्डिंगीत वॉचमनकी केली आणि लोक म्हणायचे, काका, काय खाता? मागच्या महिन्यात हृदयाचा फोटो काढला तेव्हा ती डॉक्टरीणबाई म्हणाली, बाबा, वयाच्या मानाने हृदय फारच तरुण आहे. हा लाजला. मी मनात म्हणलं, बाई, हृदय खोटं बोलत नाही, कागद बोलतो.

तुझ्या यंत्रावर माझा राग होता तो यासाठी. ते खोटं बोललं नाही. खोटं आम्ही सांगितलं. तुम्ही फाइलीतल्या माणसाचं भाकीत केलंत, आणि फाइलीतला माणूस चोपन्न वर्षांपूर्वी विहिरीत गेलाय. त्याला दहा वर्षांत काय होणार ते शोधायला हजार माणसं कशाला लागतात? जो ओट्यावर शेंगा खातोय त्याला तुम्ही अजून विचारलेलंच नाही.

तू आठ वर्षांची असताना पाटी आणून मला शिकवायला बसली होतीस. माझं नाव तू ठिपक्याठिपक्यांनी काढायचीस आणि मी त्यावरून पेन्सिल फिरवायची. एक दिवस म्हणालीस, आता नवऱ्याचं नाव, आणि ‘दत्तू’चे ठिपके काढलेस. मी पाटी पुसली आणि उठले. तू सगळ्यांना सांगत फिरलीस, आजी आळशी आहे. असेन. पण पहिल्याचं नाव मला हाताने गिरवायचं नव्हतं, आणि दुसऱ्याचं कोणाला सांगता येत नव्हतं. मग अक्षरांचं करायचं काय होतं मला?

तो का सांगत नाही म्हणशील. फसवणुकीचा गुन्हा लागेल म्हणून भितो, ते आहेच. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, कारखान्याच्या जागी आता काचेची बिल्डिंग उभी आहे, तरी भितो. पण खरं कारण वेगळं. काल मी त्याला सरळ सांगितलं की मी अक्षताला कळवणार आहे. म्हणाला, माझ्या भावाला जगायला बावीस वर्षं मिळाली, पुढची मी त्याच्या नावावर जगलो, पगाराच्या चिठ्ठीवर तो होता, मतदार यादीत तो होता, आईने मरताना ते नाव ऐकलं. तू आता त्याला दुसऱ्यांदा मारायला निघालीस. आणि माझ्या जिवाला ते बरंही वाटलं गं, असा भाऊ कोणाला मिळतो. पण मी म्हणलं, अरे, तुझ्या भावासाठी मी एकदा कपाळ पुसलंय. त्याच नावाने मला पुन्हा पुसायला लावू नकोस. सरणावर कुठलं नाव घ्यायचं याचा विचार तू करतोयस, आणि मी तुला सरणावर जाऊ द्यायचं नाही याचा करतेय. दुखणं परत आलंय ते तुझ्या अंगात, दत्तूच्या नाही. सुया टोचून घ्यायच्या तर तुला, आणि घरात ‘अरे’ म्हणायला पाहिजेस तो तूच. काल दुपारपासून माझ्याशी अबोला धरलाय. जेवतो मात्र दोन वेळा.

अडुसष्ट म्हणल्यावर डॉक्टर लगेच सुया घेऊन धावत येतील असं मला वाटत नाही. मी अडाणी आहे, खुळी नाही. ती बैठक बसेल, फोटो बघतील, कदाचित पुन्हा नाहीच म्हणतील. म्हणू देत. पण नाही म्हणायचं तर माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणावं, मेलेल्या माणसाकडे बघून नाही. आणि हो म्हणाले तर लघवीचे हाल मी बघून घेईन. त्याचं नाक पुसलंय मी, बाकीचं काय अवघड आहे! तुझ्या यंत्रात नवं वय घालायचं तर घाल, तुझं काम आहे. पण त्यातून निघेल तो आकडा मला सांगू नकोस. शंभरातले किती जगतात ते शंभर जणांच्या बायकांनी बघावं. मला एकच पाहिजे.

तर हे पत्र का, ते आता सांगते. डॉक्टरीणबाईला मी बुधवारी गप्प राहून फसवलं, त्याची दुरुस्ती तोंडी करून चालणार नाही. फाइल कागदाची आहे, तिला कागदच कळतो. त्याच्या जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला जळला, सुईण गेली, वस्ती उठली. बघितलेलं माणूस आता मी एकच उरलेय. म्हणून मरियमबाईंना साक्षीदार ठेवून मी हे लिहून दिलंय, आणि खाली माझा अंगठा आहे. मरियमबाईंची बतूल सीवूड्सच्या मॉलमध्ये कामाला आहे, ती उद्या तुझ्या हातात देईल. यातलं भांडणाचं आणि यादवीणबाईच्या लोणच्याचं तू ठेवून घे, बाकीचं बैठकीच्या आधी फाइलीत घाल. शुक्रवारी मी स्वतः येणार आहे, विचारलं तर सगळ्यांसमोर सांगेन, कोणाला पोलीस बोलवायचे असतील तर बोलवू देत, मी डबा घेऊन येईन. तू यायचं का नाही ते तुझं तू ठरव, पण आलीस तर रुसवा घरी ठेवून ये, तिथल्या बाकावर जागा कमी असते. आणि तुझ्या आज्याने लेखणी मागितली आहे. मघाशीच आत येऊन बसलाय, मला वाटलं पत्र फाडायला आला. मरियमबाईंनी त्याला वाचून दाखवलं, सगळं, ओळ न ओळ, आणि त्याने ऐकून घेतलं. आता म्हणतोय, खाली मला जागा ठेवा. काय लिहिणार ते दोघंही मला सांगत नाहीत. तू वाच आणि मला सांग.

उभ्या जन्मात पहिल्यांदा खऱ्या नावाने, तुझीच आजी,

चांगुणा हौसेराव वाव्हळे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार व लेखनिक: मरियम इसाक मुकादम

चि. अक्षता, वरचं सगळं खरं आहे. मी वाव्हळ्यांचा धाकटा. फक्त हिने एका ठिकाणी खोटं सांगितलंय. अंतर पाच वर्षांचं नाही, सात वर्षांचं आहे, हिने स्वतःची दोन वर्षं चोरलीत. आई सांगायची. हिला सांगू नकोस.
हौसेराव